बोट बाळाचे, खिसा पालकांचा

अडीच-तीन वर्षांचे मूल टॅब्लेट हाती घेते तेव्हा ते तो मोठ्या माणसासारखा धरीत नाही. तो जमिनीवर किंवा मांडीवर आडवा ठेवला जातो, एका हाताचा तळवा पडद्याच्या खालच्या कडेवर टेकतो आणि दुसऱ्या हाताचे बोट चित्रावर आपटते. पडद्याला तळवा आणि बोट यांतला भेद कळत नाही. आपल्या पृष्ठभागावरच्या विद्युतभारात कोठे बदल झाला, एवढेच तो जाणतो. तळवा अगोदर टेकला असेल आणि पहिलाच स्पर्श खरा मानण्याची योजना कार्यक्रमात असेल, तर नंतर आलेल्या बोटाची दखल घेतली जात नाही. चित्रातला हत्ती जागचा हलत नाही. मूल पुन्हा बोट आपटते, मग जोराने आपटते आणि अखेर रडत आईकडे जाते. आई म्हणते, "त्याला अजून जमत नाही." वास्तविक जमलेले नसते ते आराखडा करणाऱ्याला. त्याने आपला कार्यक्रम स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या बोटाने तपासलेला असतो.

हा दोष लहानसा दिसतो, आणि तो दूर करण्यास प्रोग्रॅमच्या चार ओळी पुरतात. तरीही तो वर्षानुवर्षे हजारो अ‍ॅप्समध्ये का टिकून राहतो, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञानाचा नाही. ज्या वस्तूचा उपभोक्ता तक्रार करू शकत नाही, त्या वस्तूच्या बाजारपेठेचा तो प्रश्न आहे.

मुलांच्या बाबतीत आधी निरीक्षण करावे आणि मग वस्तू घडवावी, हा विचार नवा नाही. अमेरिकेत १९६९ च्या नोव्हेंबरात 'सेसमी स्ट्रीट' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचे भाग प्रक्षेपणापूर्वी मुलांना दाखवून पाहिले जात. दूरचित्रवाणी संचाशेजारी दुसऱ्या पडद्यावर चित्रे बदलत ठेवायची आणि मुलाची नजर केव्हा तिकडे वळते याची नोंद करायची, अशी ती पद्धत होती. नजर वळली तो भाग पुन्हा तपासायचा. याच संस्थेने टॅब्लेट घरोघरी पोचू लागल्यावर पन्नासाहून अधिक चाचण्यांच्या आधारे २०१२ मध्ये एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तळव्याची गोष्ट तीत आहे; खालच्या कडेला बटणे ठेवू नयेत ही सूचनाही आहे. मुलाला सर्वांत सहज जमते ते एकदा टेकवणे. बोट फिरवून रेघ काढणेही जमते. एखादे चित्र ओढत दुसरीकडे नेणे मात्र अवघड जाते, कारण वाटेत बोट उचलले जाते. म्हणून चित्राने तेथेच थांबून वाट पाहावी, मूळ जागी परत उडी मारू नये. लागोपाठ दोनदा टेकवणे, दोन बोटांनी चिमटा काढून चित्र लहानमोठे करणे, यंत्र तिरपे करणे या गोष्टी या वयाला फारशा कळत नाहीत. मोठ्यांसाठी बटणाचा आकार साधारण एक सेंटिमीटर पुरतो. लहान मुलांसाठी जाणकार दोन सेंटिमीटर सुचवितात. स्वस्त मोबाइलच्या पडद्यावर दोन सेंटिमीटरची बटणे किती मावतील याचा हिशेब केला म्हणजे एका पानावर मोजक्या चित्रांहून अधिक काही ठेवता येत नाही, हे आपोआप सिद्ध होते. गंमत अशी की पानावर गर्दी कमी झाली की ग्राहकाला "कमी माल मिळाला" असे वाटते.

दुकानातून उतरवून घ्यायची अ‍ॅप्स आणि ब्राउझरमध्ये नुसता पत्ता टाकून उघडणारी वेब अ‍ॅप्स यांत एक फरक आहे. ब्राउझर हे साधन मुळात वाचणाऱ्या प्रौढासाठी निर्माण झाले. प्रौढाला सोयीची म्हणून त्यात जी जी योजना केली गेली, ती ती लहान मुलाच्या वाटेत येते. पूर्वी मोबाइलवरचे ब्राउझर प्रत्येक स्पर्शानंतर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबत असत. वाचक दुसऱ्यांदा बोट टेकवून अक्षरे मोठी करू इच्छितो की काय, हे पाहण्यासाठी. प्रौढाच्या हे फारसे ध्यानात येत नसे. मुलाला मात्र स्पर्श आणि परिणाम यांचा संबंध तत्काळ दिसावा लागतो. तो दिसला नाही की ते पुन्हा बोट आपटते, आणि त्या दुसऱ्या स्पर्शाने पान खरोखरच मोठे होऊन बटण पडद्याबाहेर जाते. २०१४ ते २०१६ या काळात प्रमुख ब्राउझरांनी मोबाइलसाठी मुद्दाम मांडलेल्या पानांपुरता हा विलंब काढून टाकला. इतर खोडी शिल्लक आहेत. कडेवरून बोट ओढले की मागचे पान येते; वरून खाली ओढले की सारे पान नव्याने उघडते आणि मुलाने जमवलेला खेळ नाहीसा होतो; बोट दाबून धरले की चित्र जतन करावयाचे आहे काय, अशी विचारणा करणारी यादी उघडते. लहान मूल तर बहुतेक वेळा बोट दाबूनच धरते, कारण टेकवून लगेच उचलायचे असते हे त्याला ठाऊक नसते. यांपैकी बहुतेक खोडींना आवर घालण्याची सोय ब्राउझरातच आहे. ती वापरलेली आढळत नाही, इतकेच.

अर्थात सर्वच सोयी अडवून धरणे योग्य नव्हे. पान मोठे करण्याची क्रिया संपूर्णपणे बंद करणारी आज्ञा आयफोनवरील सफारी ब्राउझर २०१६ पासून जुमानीत नाही. दृष्टी अधू असलेल्या माणसाला अक्षरे मोठी करता आलीच पाहिजेत, हे त्यामागचे कारण आहे आणि ते रास्त आहे. अ‍ॅपबाहेर जाताच येऊ नये अशी व्यवस्था तर पालकाच्याच हाती हवी. आयफोन व आयपॅडवर ती २०१२ पासून आणि अँड्रॉइडवर २०१४ पासून आहे. सेटिंगच्या यादीत खोल दडवून ठेवलेल्या या सोयीचा पत्ता किती पालकांना आहे, हे कोणत्याही शाळेच्या पालकसभेत विचारून पाहण्यासारखे आहे.

आवाजाचे तसेच. न सांगता ओरडू लागणाऱ्या जाहिरातींना कंटाळून ब्राउझरांनी असा नियम केला की वापरणाऱ्याने पानाला स्पर्श केल्याखेरीज ध्वनी सुरू होणार नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला सूचना केवळ आवाजानेच देता येते. पण आवाज पहिल्या स्पर्शापर्यंत बंद! म्हणून पहिले पान असे हवे की त्यावर एकच मोठे चित्र असावे आणि कोठेही हात लागला तरी चालावे. मराठीतल्या कित्येक अ‍ॅप्समध्ये मात्र पहिल्याच पानावर "सुरू करा", "पुढे जा", "पुन्हा प्रयत्न करा" अशी सुबक अक्षरांतली बटणे असतात. ज्याला ही अक्षरे वाचता येतात त्याला अ, आ, ई शिकवणाऱ्या अ‍ॅपची गरज उरलेली नसते.

अक्षरांचाच विषय निघाला म्हणून सांगितले पाहिजे की गिरवण्याची अ‍ॅप्स बहुधा इंग्रजी साच्यावरून उतरवलेली दिसतात. देवनागरीतल्या 'क'ला दांडा, त्याच्या दोन बाजूंचे वळण आणि शेवटी वरची रेघ असे टप्पे असतात. हात अनेकदा उचलावा लागतो. बोट उचलले की "चुकले" असे मानणारा साचा येथे चालत नाही. कित्येक ठिकाणी शिरोरेघ आधी काढायला लावतात. शाळेत गेल्यावर बाई ती शेवटी काढायला सांगतात, आणि मुलाला बाई व यंत्र यांपैकी एकाला खोटे ठरवावे लागते.

चूक कशी दाखवावी हा तर बालशिक्षणातला जुना प्रश्न आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतले मर्म असे की मुलाची चूक शिक्षकाने दाखवावी लागत नाही, ती वस्तूच दाखवते. जाड दट्ट्या अरुंद भोकात जात नाही. मूल तो काढते आणि दुसरे भोक पाहते. कोणी रागावलेले नसते. तोच विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे रुजवला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ नंतर बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातल्या वस्तूंतून साधने निर्माण केली, कारण परदेशी साधने गावातल्या अंगणवाडीला परवडणारी नव्हती. स्पर्शाच्या पडद्यावर मात्र दट्ट्या अडत नाही, शिंपला खरखरीत लागत नाही. तेथे अडवणारी वस्तू आराखड्यानेच निर्माण करावी लागते. ते कष्ट नकोत म्हणून सोपा मार्ग पत्करला जातो तो असा: बरोबर उत्तराला टाळ्या, चुकीला भोंगा. आणि भोंगा टाळ्यांपेक्षा गमतीदार असला, तर मूल शंभर वेळा मुद्दाम चूक करते. नोंदवहीत त्याच्या नावावर शंभर प्रयत्न जमा होतात. विक्रेता त्यालाच "सहभाग" म्हणतो.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. वस्तू वापरणारा एक, निवडणारा दुसरा आणि तिचा खर्च उचलणारा तिसरा असला, तर वस्तू कोणाच्या मनाजोगी होईल? ती खर्च उचलणाऱ्याच्या मनाजोगी होते. पाळण्याच्या बाबतीत निदान निवडणारा व पैसे देणारा एकच असतो, आणि पाळणा मोडका असला तर दिसतो. अ‍ॅपचा चांगलेपणा पालकाला दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच की मूल गप्प बसले. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन १९७० मध्ये दाखवून दिले होते की खरेदीदाराला चांगला-वाईट माल ओळखता येत नसेल, तर चांगल्याला योग्य किंमत मिळत नाही आणि तो बाजारातून हटतो. मुलांच्या अ‍ॅप्सना हे तंतोतंत लागू पडते. त्यात भर अशी की पालक येथे बहुधा किंमतच देत नाहीत. "फुकट आहे" म्हणून अ‍ॅप घेतले जाते, आणि खर्च दोन वाटांनी वसूल होतो: खेळाच्या आत विक्री करून, किंवा मुलाची नजर जाहिरातदाराला विकून.

पहिल्या वाटेचा इतिहास अमेरिकेत घडला. २०१० च्या सुमारास 'स्मर्फ्स व्हिलेज' हा फुकट खेळ मुलांत लोकप्रिय झाला. त्यातली काल्पनिक बोरे खऱ्या डॉलरांनी विकत घ्यावी लागत. पालकाने एकदा सांकेतिक शब्द टाकला की पुढची पंधरा मिनिटे तो पुन्हा विचारला जात नसे, आणि तेवढ्या अवधीत मुलाच्या बोटाने शेकडो डॉलरांची बोरे विकत घेतली जात. पंधरा मिनिटांची ही सवलत प्रौढ ग्राहकाची कटकट वाचावी म्हणून होती; मुलाच्या हाती ती उघडी तिजोरी ठरली. तक्रारी वाढल्यावर तेथील संघीय व्यापार आयोगाने २०१४ च्या जानेवारीत अ‍ॅपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि सप्टेंबरात गूगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करावयास लावले. अ‍ॅमेझॉन न्यायालयात गेली. २०१६ मध्ये निकाल तिच्याविरुद्ध लागला.

आपल्याकडे कार्डावरच्या व्यवहाराला दुसरी खातरजमा लागते, त्यामुळे ही वाट तितकी सोपी नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाला करार करता येत नाही, आणि मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हा खटला पाठ करतो. पण मोबाइलवरचे खाते पालकाच्या नावाचे असल्याने दप्तरी करार पालकाचाच दिसतो. तेथे बोट कोणाचे होते याची नोंद नसते.

उरली जाहिरात. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांची १३५ अ‍ॅप्स तपासली. त्यांपैकी ९५ टक्क्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात जाहिरात होती. फुकट अ‍ॅप्समध्ये तर सर्वच. एका खेळात काही विकत न घेता पान बंद करू लागले की त्यातले पात्र रडू लागत असे. तीन वर्षांच्या मुलाला चित्रातले पात्र आणि विक्रेता वेगळे आहेत हे कळत नाही. आपला मित्र आपल्यामुळे रडतो आहे एवढेच त्याला कळते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत तीन ते पाच वर्षांची मुले वापरीत असलेल्या अ‍ॅप्सपैकी सुमारे ८० टक्क्यांत मुलाला खेळावर खिळवून ठेवणाऱ्या किंवा खरेदीकडे ढकलणाऱ्या क्लृप्त्या आढळल्या, आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांच्या वाट्याला त्या अधिक आलेल्या होत्या. ज्यांना किंमत देणे परवडते त्यांना बिनजाहिरातीचे मिळते, इतरांना जाहिरातींसह. शिक्षणातल्या विषमतेचा आरंभ पहिलीच्या वर्गापूर्वी होतो तो असा.

यावर एक सरळ उत्तर दिले जाते: मुलांना पडदा दाखवूच नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील मुलांसाठी पडदा पूर्ण वर्ज्य सांगितला आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची कमाल मर्यादा घातली. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचेही म्हणणे जवळपास असेच आहे: दोन वर्षांखाली, नातेवाइकांशी क्वचित होणाऱ्या व्हिडिओ संभाषणाखेरीज, काही नाही. हे म्हणणे पूर्णतः मान्य केले पाहिजे. अगदी तान्ह्या मुलांना पडद्यावरून शिकवल्याचा दावा करणाऱ्यांचा अनुभव बोलका आहे. 'बेबी आइनस्टाइन' चित्रफितींचे पैसे ग्राहकांना परत देण्याची पाळी डिस्ने कंपनीवर २००९ मध्ये आली. दोन वर्षांखालील मुलासाठी चांगले अ‍ॅप कोणते, या प्रश्नाला प्रामाणिक आराखडाकाराने 'कोणतेच नाही' असे उत्तर द्यावे.

पण दोन ते सहा या वयाचे काय? 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेली घरे २०१८ मध्ये सुमारे ३६ टक्के होती, ती २०२२ पर्यंत सुमारे ७५ टक्के झाली. दोन खोल्यांच्या घरात स्टोव्हवर भाजी टाकताना तीन वर्षांचे मूल पायात घोटाळू नये म्हणून आईने फोन त्याच्या हाती दिला, तर तिला दोष देणे सोपे आहे, आणि तो देणाऱ्यांच्या घरी बहुधा सांभाळायला आजी असते किंवा पगारी बाई. त्या वीस मिनिटांत पडद्यावर काय असावे, हा प्रश्न सोडवला नाही तर तो जाहिरातदार सोडवतो.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानून त्यांच्या वर्तनाचा माग काढण्यास व त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करण्यास मनाई केली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मात्र ती वाचताना डोळ्यापुढे येतो तो तिकीट किंवा कपडे खरेदी करणारा प्रौढ ग्राहक. रडणारे पात्र त्या तेरांपैकी कोणत्या प्रकारात बसवायचे यावर वकिलांचा चांगला वाद होईल. पालकांच्या संमतीची कल्पनाही तपासून घ्यावी अशी आहे. पुष्कळ अ‍ॅप्समध्ये मोठ्या माणसांसाठीच्या दारावर गुणाकार विचारतात: सात गुणिले आठ किती? शाळेचे तोंड न पाहिलेल्या आईला हे दार उघडत नाही; चौथीतल्या दादाला उघडते.

बाजार आपण होऊन चांगली वस्तू देत नसेल आणि कायदा केवळ वाईट वस्तू अडवू शकत असेल, तर तिसरा मार्ग सार्वजनिक निर्मितीचा राहतो, आणि महाराष्ट्राला तो अपरिचित नाही. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ स्थापन झाले. एका पुस्तकाच्या लेखनाचा, चित्रांचा, तपासणीचा खर्च एकदाच होतो. प्रती वाढतील तसा तो वाटला जातो. वेब अ‍ॅपच्या बाबतीत तर पुढच्या प्रतीला कागदही लागत नाही. दुकानदार कंपन्यांना विक्रीवर तीस टक्क्यांपर्यंत दलाली द्यावी लागत नाही, स्वस्त फोनवर ते चालते, आणि एकदा उघडल्यावर जाळे नसतानाही चालावे अशी योजना करता येते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक नोंदले गेले. म्हणजे मुलांची वाण नाही. वाण आहे ती त्यांच्यासाठी पैसे मोजणाऱ्या ग्राहकांची.

असे काम शासनाने काढले तर ते निविदेवर जाईल, आणि निविदेत नेहमीप्रमाणे "आकर्षक व परस्परसंवादी" असे शब्द पडतील. त्याऐवजी काही साध्या अटी घालता येण्यासारख्या आहेत. प्रत्येक पान पुरे होण्यापूर्वी ते एखाद्या अंगणवाडीत पाच-सहा मुलांच्या हाती द्यावे, बाईंनी शेजारी बसावे आणि कोणते बोट कोठे पडले ते वहीत लिहावे. सुरुवातीला तर पुठ्ठ्यावर चित्रे काढूनही हे करता येते. आवाज नभोवाणीवरच्या निवेदकाचा नको, घरातल्या माणसासारखा हवा, आणि तो वऱ्हाडातल्या मुलालाही आपला वाटावा. चुकीला भोंगा नसावा. पान किती वेळ पाहिले गेले यावरून कंत्राटदाराचे देयक ठरू नये; किंबहुना ती नोंदच ठेवली जाऊ नये. दहा-पंधरा मिनिटे झाली की हत्तीने जांभई द्यावी, दिवा मंद व्हावा आणि नंतर कितीही बोटे आपटली तरी हत्तीने झोपून राहावे. ही शेवटची अट मान्य करणारा खासगी निर्माता सापडणे कठीण आहे, कारण झोपलेल्या हत्तीशेजारी जाहिरात लावून कोणी पैसे देत नाही.